सुट्टी, रजा आणि खाडा

नवे वर्ष जवळ आले की राज्य शासनाचा सामान्य प्रशासन विभाग सार्वजनिक सुट्ट्यांची अधिसूचना काढतो आणि वर्तमानपत्रे ती यादी चौकटीत छापतात. त्या बातमीवरच्या प्रतिक्रिया ठरलेल्या असतात. काहीजण शनिवार-रविवारला जोडून कोणती सुट्टी येते ते पाहून गावी जाण्याचे बेत आखतात. काहीजण वैतागून म्हणतात, ‘या देशात सुट्ट्याच फार. काम कधी करणार?’ खूश होणारे आणि वैतागणारे, दोघांनाही ही यादी सगळ्यांची वाटते. ती तशी आहे का, हे तपासण्यासाठी हा लेख आहे.

मी या विषयाचा पदवीधर अभ्यासक नाही. उमेदीची वर्षे मी दुकानांचे आणि लहान कारखान्यांचे जमाखर्च लिहिण्यात घालवली. हजेरीपट भरणे आणि महिनाअखेरीला पगार काढणे हे माझे काम. कायदे मी त्या कामाच्या गरजेपोटी वाचायला लागलो आणि पुढे त्याची गोडी लागली. त्यामुळे माझी पद्धत हिशेबनिसाची आहे. आधी आकडा मोजायचा आणि मग तो कुणाच्या खात्यावर पडतो ते पाहायचे.

यादी मोजून पाहू

२०२५ची महाराष्ट्राची यादी घ्या. तिच्यात २४ सुट्ट्या आहेत. स्वातंत्र्यदिन आणि पारशी नववर्ष हे दोन्ही १५ ऑगस्टला, तर गांधी जयंती आणि दसरा हे दोन्ही २ ऑक्टोबरला आहेत. म्हणजे नोंदी २४ असल्या तरी दिवस २२च. त्यांतले प्रजासत्ताक दिन, गुढीपाडवा, रामनवमी आणि मोहरम हे चार रविवारी आले. उरले १८. शासकीय कार्यालयांना २९ फेब्रुवारी २०२०पासून पाच दिवसांचा आठवडा आहे. त्यांच्यापुरता ७ जूनच्या शनिवारी आलेला बकरी ईदचा दिवसही वजा होतो आणि उरतात १७. मथळ्यातले २४ प्रत्यक्षात एवढे आक्रसतात. ‘सुट्ट्या फार’ म्हणणाऱ्यांनी ही वजाबाकी एकदा करून पाहावी.

आकड्यापेक्षा महत्त्वाचा आहे तो या अधिसूचनेचा मजकूर. ती निघते ‘परक्राम्य संलेख अधिनियम, १८८१’ या कायद्याच्या २५व्या कलमाखाली. परक्राम्य संलेख म्हणजे वचनचिठ्ठी, विनिमयपत्र, धनादेश यांसारखे कागद, जे या हातातून त्या हातात जातात आणि त्यांबरोबर पैशाचा हक्कही जातो. वचनचिठ्ठीची किंवा विनिमयपत्राची मुदत सार्वजनिक सुट्टीच्या दिवशी भरत असेल तर ती आधीच्या कामाच्या दिवशी भरली असे मानावे, एवढेच हे कलम सांगते. मग सार्वजनिक सुट्टी म्हणजे कोणते दिवस, हे सांगणे ओघानेच आले. मूळ कायद्यात रविवार, इंग्रजी नववर्षदिन, नाताळ आणि गुड फ्रायडे यांची नावे होती. बाकीचे दिवस सरकारने जाहीर करायचे होते. पुढे जाहीर करण्याचा अधिकार केंद्राकडे आला आणि केंद्राने तो राज्यांकडे सोपवला. आपली यादी इथून येते.

म्हणजे कायद्याच्या दृष्टीने ही यादी देण्याघेण्याच्या कागदांसाठी आहे. त्या दिवशी कुणी कामावर यावे की येऊ नये आणि न आल्यास पगार मिळावा की नाही, याबद्दल २५वे कलम काहीही सांगत नाही. याचा पुरावा यादीतच सापडतो. वार्षिक लेखे पूर्ण करता यावेत म्हणून १ एप्रिलची सुट्टी फक्त बँकांपुरती जाहीर होते. त्या दिवशी बँकेचा कर्मचारी घरी नसतो, तो बँकेत बसून हिशेब जुळवत असतो. त्या सुट्टीत गिऱ्हाईक आणि कागद थांबतात, माणूस कामावरच असतो.

उलटे उदाहरण भाऊबीजेचे. २०२५मध्ये २३ ऑक्टोबरच्या भाऊबिजेला राज्य शासनाने आपल्या कार्यालयांना अतिरिक्त सुट्टी दिली, पण ती २५व्या कलमाखालच्या यादीबाहेर. त्यामुळे त्याच दिवशी तहसील कचेरी बंद आणि समोरची बँक चालू. बँकेशेजारच्या कापडदुकानात तर दिवाळीची शेवटची गर्दी. एका चौकात एकाच सणाला तीन वेगवेगळे नियम लागू झाले. बहिणी मात्र तिन्हीकडच्या माणसांना होत्या.

१८८१ची दोन अपत्ये

ज्या वर्षी हा परक्राम्य संलेखांचा कायदा झाला, त्याच १८८१ साली हिंदुस्थानातला पहिला कारखाना कायदाही झाला. त्याने ७ ते १२ वर्षांच्या मुलांसाठी दिवसाला जास्तीत जास्त नऊ तास काम आणि महिन्याला चार सुट्ट्या ठरवल्या. मोठ्या माणसांना त्यात आठवडी सुट्टी नव्हती. एकाच वर्षात सरकारने विनिमयपत्राला रविवारी सुट्टी दिली आणि गिरणीतल्या मोठ्या कामगाराला दिली नाही, हे ध्यानात ठेवण्यासारखे आहे.

ती सुट्टी मिळवायला आणखी नऊ-दहा वर्षे लागली. त्यामागे नारायण मेघाजी लोखंडे हे नाव आहे. जोतीराव फुल्यांचे सहकारी, सत्यशोधक आणि ‘दीनबंधु’चे संपादक. १८८४मध्ये त्यांनी मुंबईत गिरणी कामगारांच्या सभा घेतल्या. सुमारे साडेपाच हजार कामगारांच्या सह्यांचे निवेदन तयार झाले. रविवारी सुट्टी, दुपारी अर्धा तास विश्रांती, सकाळी साडेसहा ते सूर्यास्त एवढेच काम, पुढच्या महिन्याच्या १५ तारखेपर्यंत पगार आणि कामावर जखमी झालेल्याला बरा होईपर्यंत वेतन, अशा त्यातल्या मागण्या होत्या. २४ एप्रिल १८९० रोजी महालक्ष्मीच्या रेसकोर्सच्या मैदानावर सुमारे दहा हजार कामगारांची सभा झाली आणि तिच्यात दोन स्त्री कामगारांनी भाषणे केली. १० जून १८९० रोजी गिरणीमालकांच्या संघाने आठवडी सुट्टी मान्य केली. १८९१च्या सुधारित कायद्यात आठवड्याच्या सुट्टीची तरतूद आली.

रविवारच का, याचे उत्तर देताना खंडोबाचा वार म्हणून लोखंड्यांनी तो मागितला, असे सांगितले जाते. रविवार खंडोबाचा आहेच. पण मला त्या निवेदनातली मागण्यांची सोबत जास्त बोलकी वाटते. सुट्टीच्या शेजारी जेवणाची वेळ, पगाराची तारीख आणि जखमेची भरपाई आहे. लोखंड्यांच्या लेखी सुट्टी हा कामाच्या कराराचा भाग होता. यादी करणाऱ्यांच्या लेखी ती पंचांगातली तारीख आहे.

या दोन धारा नंतर कधी नीट एकत्र आल्याच नाहीत. आज लोखंड्यांचे नाव १० जूनला समाजमाध्यमांवर फिरते, ‘रविवारच्या सुट्टीचे जनक’ म्हणून हार घातले जातात आणि ते संदेश पाठवणाऱ्यांपैकी कित्येकांना आठवडी सुट्टी नसते. १९४८च्या कारखाना कायद्याच्या ५२व्या कलमात आठवडी सुट्टी होती, पण त्या दिवसाच्या वेतनाबद्दल ते कलम गप्प होते. ज्याचा पगार रोजावर मोजला जातो, त्याच्या दृष्टीने ती विश्रांती खरी, पण स्वतःच्या खर्चाने घेतलेली.

रजा, म्हणजे परवानगी

मराठीत या विषयासाठी तीन शब्द आहेत आणि आपण ते सैलपणे वापरतो. ‘सुट्टी’ सुटण्याशी नाते सांगते. शाळा सुटते, कचेरी सुटते, सगळे एकदम सुटतात. ‘रजा’ हा बाहेरून आलेला शब्द, त्याचा अर्थ संमती, परवानगी. रजा एकट्याने मागायची असते आणि दुसऱ्याने द्यायची असते. तिसऱ्या शब्दाकडे पुढे येतो.

खासगी दुकाने, कचेऱ्या, हॉटेले यांत काम करणाऱ्यांसाठी महाराष्ट्रात २०१७चा दुकाने व आस्थापना अधिनियम आहे. तो डिसेंबर २०१७पासून अमलात आला आणि त्याने १९४८चा जुना कायदा रद्द केला. बोलीभाषेत आजही त्याला ‘शॉप अॅक्ट’च म्हणतात. त्याच्या १८व्या कलमात वर्षाला आठ नैमित्तिक रजा आहेत. वर्षात २४० दिवस काम केलेल्याला दर वीस दिवसांमागे एक भरपगारी रजा आहे आणि ती ४५ दिवसांपर्यंत साठवता येते. शिवाय सणांच्या आठ पगारी सुट्ट्या आहेत. त्यांतल्या चार ठरलेल्या : २६ जानेवारी, १ मे, १५ ऑगस्ट आणि २ ऑक्टोबर. उरलेल्या चार मालक आणि कामगार यांनी वर्ष सुरू होण्यापूर्वी आपसांत ठरवायच्या. या आठांपैकी एखाद्या दिवशी कामावर बोलावले तर दुप्पट वेतन द्यायचे आणि वर बदली सुट्टीही.

कायदा म्हणून ही रचना मला शासकीय यादीपेक्षा शहाणी वाटते. ‘आपसांत ठरवायच्या’ या शब्दांत मोठी सोय आहे. मालेगावच्या यंत्रमागावर ईदची सुट्टी घेता येईल, वसईच्या कचेरीत नाताळची आणि नागपुरात धम्मचक्र प्रवर्तन दिनाची. सगळ्या राज्याला एकच यादी लावण्याची गरज नाही. यादी ताणली की काय होते ते आपण पाहिलेच आहे. २०२४मध्ये गणेशविसर्जनामुळे मुंबईतली ईद-ए-मिलादची सुट्टी १६वरून १८ सप्टेंबरला न्यावी लागली. २०२५मध्येही मुंबईपुरती ती ५वरून ८ सप्टेंबरला गेली.

पण याच तरतुदीची दुसरी बाजू हजेरीपट भरणाऱ्याला लगेच दिसते. ‘आपसांत’ ठरवायला दोन बाजूंना बोलता आले पाहिजे. मी जिथे जिथे काम केले, तिथे वर्षाच्या सुरुवातीला नोकरांना बसवून ‘तुम्हांला कोणते चार दिवस हवेत?’ असे विचारलेले मी एकदाही पाहिले नाही. मालक दिवस ठरवत आणि ते फळ्यावरही लिहीत नसत. सण जवळ आला की ‘उद्या बंद का हो?’ असे दबकत विचारायचे, ही रीत. म्हणजे कायद्याने जी सुट्टी म्हणून दिली, ती दुकानात पोचेपर्यंत रजा होते.

दुसरी अडचण उंबरठ्याची. हा कायदा आला तेव्हा तो दहा किंवा अधिक कामगार असलेल्या आस्थापनांना लागू होता. १९४८चा कायदा जिथे लागू होता, तिथे दुकानासाठी नोकरसंख्येची अशी अट नव्हती. आपल्या बाजारपेठेतून एक फेरी मारा आणि दहा नोकरांची दुकाने मोजा. किराणा, भांडी, चपला, औषधे, झेरॉक्स, चहा. बहुतेक ठिकाणी दोन, चार, सहा माणसे. ही सगळी आठ सुट्ट्यांच्या बाहेर. सप्टेंबर २०२५मध्ये राज्य मंत्रिमंडळाने हा उंबरठा वीस कामगारांपर्यंत नेण्याच्या प्रस्तावाला मान्यता दिली. व्यवसाय सुलभ व्हावा हा हेतू सांगितला जातो. लहान दुकानदाराच्या डोक्यावरचे कागद कमी व्हावेत हे मलाही मान्य आहे, ते कागद मीच भरत असे. पण नोंदणीचे कागद आणि नोकराची सुट्टी ही दोन ओझी एकाच गोणीत भरून फेकून द्यायची गरज नव्हती. अर्ज माफ करता आले असते आणि सुट्टी ठेवता आली असती.

खाडा

आता तिसरा शब्द. नव्वदच्या दशकात मी एका तालुक्याच्या गावी कापडदुकानात जमाखर्च लिहीत होतो. सहा नोकर होते. त्यांतले एक, पन्नाशीचे, कापड फाडून देण्यात तरबेज. वसुबारसेपासून पाडव्यापर्यंत त्यांनी सकाळी नऊ ते रात्री अकरा असे दिवस काढले. भाऊबिजेला दुकान उघडे होते. ते न सांगता बहिणीकडे गेले. महिनाअखेरीला मालकांच्या सांगण्यावरून मी त्यांच्या नावापुढे फुली मारली आणि एका दिवसाचा पगार कापला. पाकीट हातात घेऊन त्यांनी विचारले, ‘दिवाणजी, त्या दिवशी मी रजेवर गेलो का खाड्यावर?’

मी म्हणालो, ‘खाड्यावर. मालकांनी तसं सांगितलंय.’

‘मग वर्षात माझी रजा कुठली?’

मी हजेरीपटाची पाने उलटली. रजेचा रकानाच नव्हता. हजर आणि गैरहजर, एवढेच होते. पट मीच आखलेला होता.

खाडा म्हणजे कामाच्या दिवसांत पडलेली खिंड. सुट्टी सगळ्यांची असते, रजा मागितलेली असते, खाडा मात्र नोकराच्या नावावर लागलेला दोष असतो. सुट्टीच्या दिवसाला पगार मिळतो, खाड्याच्या दिवसाला मिळत नाही. पण शून्यावर हे थांबत नाही. ऊसतोडणीच्या धंद्यात खाडा शून्याच्याही खाली जातो. तिथे नवरा-बायकोचा मिळून एक कोयता धरतात, मुकादम हंगामाआधी उचल देतो आणि खाडा पडला तर दंड त्या उचलीच्या हिशेबात चढवतो. बीड जिल्ह्यातल्या ऊसतोड स्त्रियांच्या गर्भाशय काढण्याच्या शस्त्रक्रियांचा प्रश्न २०१९मध्ये पुढे आला, तेव्हा अनेक कारणांच्या जोडीला पाळीच्या दिवसांतल्या खाड्याची भीतीही बोलली गेली. नीलम गोऱ्हे यांच्या अध्यक्षतेखाली शासनाने समिती नेमली. त्या वेळच्या पाहणीत ८२ हजारांहून अधिक स्त्रियांपैकी १३ हजारांहून अधिक जणींची ही शस्त्रक्रिया झाल्याचे आढळले. यातल्या प्रत्येकीचे कारण एकच होते असे मी म्हणणार नाही. पण दोन दिवस पडून राहण्याची सोय नसलेले काम माणसाच्या शरीराकडून काय वसूल करू शकते, हे समजायला ही नोंद पुरेशी आहे. शासकीय यादी वाचताना ‘देशात सुट्ट्या फार’ म्हणणाऱ्याच्या नजरेत ही बाई येत नाही. ती २४ दिवसांच्या हिशेबात कधी नव्हतीच.

तक्रार कुणाची?

जानेवारी २०२२मध्ये मुंबई उच्च न्यायालयासमोर दादरा आणि नगर हवेलीतून एक याचिका आली होती. २ ऑगस्ट या मुक्तिदिनाची सार्वजनिक सुट्टी बंद झाली होती, ती परत मिळावी अशी मागणी होती. सार्वजनिक सुट्टी हा कुणाचा मूलभूत हक्क नाही, ती द्यायची की नाही हा धोरणाचा भाग आहे, असे न्यायालयाने सांगितले. आपल्याकडे सार्वजनिक सुट्ट्या जरुरीपेक्षा जास्त आहेत, आता त्या कमी करायला हव्यात, अशा आशयाचा शेराही मारला.

निकाल मला बरोबर वाटतो. २५व्या कलमाच्या यादीतून हक्क निघू शकत नाही, कारण ती यादी हक्क देण्यासाठी केलेलीच नाही. शेरा मात्र अपुरा वाटतो. सुट्ट्या जास्त आहेत हे कचेऱ्या, न्यायालये आणि बँका यांच्याबद्दल म्हणता येईल. तिथे खोळंबणारा पक्षकार आणि दाखल्यासाठी हेलपाटे घालणारा शेतकरी यांची तक्रार खरी आहे. त्यांचा हेलपाटा म्हणजेही एक खाडाच असतो. पण एका गटाच्या सुट्ट्या मोजून सगळ्या समाजाला आळशी ठरवले, की त्याचा भार ज्यांना सुट्टीच नाही त्यांच्यावर पडतो. ‘एवढ्या सुट्ट्या असतात, आणखी कशाला?’ हे वाक्य मी मालकांच्या तोंडून ऐकले आहे आणि ज्याला ते ऐकवले, त्याला त्या सुट्ट्यांपैकी एकही नव्हती.

यावर लहान दुकानदाराचा प्रश्न येतो, ‘मी स्वतः तरी कधी सुट्टी घेतो?’ प्रश्न प्रामाणिक आहे. दिवाळीच्या आठ दिवसांत त्याची वर्षाची कमाई ठरते. रुग्णालय, एसटी, पाणीपुरवठा, पोलीस यांनाही सणाला थांबता येत नाही. म्हणून सगळे एकाच दिवशी बंद करा, असे माझे म्हणणे नाही. २०१७च्या कायद्याने दुकान वर्षाचे ३६५ दिवस उघडे ठेवायला परवानगी दिली आहे आणि त्याच वेळी प्रत्येक कामगाराला आठवड्यातून सलग २४ तासांची सुट्टी दिली आहे. दुकानाची सुट्टी आणि माणसाची सुट्टी वेगळी करता येते, हे तत्त्व त्यात आहे. पाळी लावायची, बदली सुट्टी द्यायची आणि ती पटावर लिहायची. सहा नोकरांच्या दुकानात हे जमत नाही असे नाही. पट आखणाऱ्याने एक रकाना वाढवला की निम्मे काम होते.

रोजंदारीवरच्या माणसाचे काय, असे विचारले की ‘त्याला पगारी सुट्टी कशी देणार, तो काम करील तेव्हाच पैसे’ असे उत्तर मिळते. हे अशक्य नाही, कारण आपल्या कायद्याने हे एका दिवसापुरते करून दाखवले आहे. लोकप्रतिनिधित्व कायद्यात १९९६मध्ये १३५-ब हे कलम आले. त्यानुसार मतदानाच्या दिवशी धंदा, व्यापार, उद्योग अशा कोणत्याही आस्थापनेतल्या मतदाराला सुट्टी द्यायची आणि पगार कापायचा नाही. एवढ्यावर ते थांबत नाही. एरवी अशा दिवसाचे पैसे मिळत नसतील अशा अटीवर जो कामावर आहे, त्यालाही त्या दिवसाचे वेतन द्यायचे, असे ते स्पष्ट म्हणते. दहा किंवा वीस नोकरांचा उंबरठा त्यात नाही. ज्याच्या गैरहजेरीने धोका किंवा मोठे नुकसान होईल, त्याचा अपवादही त्यात आहे. माणूस मतदार म्हणून उभा राहिला तेव्हा त्याच्या खाड्याची पगारी सुट्टी झाली. तोच माणूस दुसऱ्या दिवशी फक्त कामगार उरला आणि त्याचा दिवस पुन्हा खाड्यात गेला. मतदानाच्या सुट्टीचीही अंमलबजावणी जागोजाग कच्ची आहे, पण मागायला कायद्यात ओळ तरी आहे.

हीच ओळ वर्षातल्या आणखी चार दिवसांना लावता येईल. २०१७च्या कायद्यातले २६ जानेवारी, १ मे, १५ ऑगस्ट आणि २ ऑक्टोबर हे चार दिवस कामगारसंख्येचा उंबरठा काढून, मतदानाच्या सुट्टीचे शब्द लावून सगळ्यांना द्यावेत. घरकाम करणाऱ्या बाईलाही द्यावेत, कारण घर ही आस्थापना नाही म्हणून ती आज शॉप अॅक्टच्या बाहेर आहे. निदान १ मे तरी. ज्या दिवशी कामगारांच्या नावाने झेंडे लागतात, त्या दिवशी हमाल, वेटर आणि मोलकरीण कामावर आणि कचेऱ्या बंद, हे चित्र आपल्या नजरेला सवयीचे झाले आहे.

हे होईपर्यंत ज्याच्या हाती हजेरीपट आहे त्याला एक गोष्ट करता येईल. कापडदुकानातली ती नोकरी मी पुढे सोडली. दुसऱ्या ठिकाणी गेल्यावर पहिल्या महिन्यात मी पटावर ‘रजा’ असा रकाना आखला आणि मालकांपुढे ठेवला. त्यांनी तो पाहिला, थोडे थांबले आणि म्हणाले, ‘राहू दे.’ वर्षाला सहा दिवसांवर तडजोड झाली. कापड फाडणाऱ्या त्या गृहस्थांना मात्र त्याचा काही उपयोग झाला नाही. त्यांच्या प्रश्नाचे उत्तर मी त्या दिवशी देऊ शकलो नव्हतो.

हा अंक आपल्या हाती पडेल तेव्हा दिवाळीचे दिवस असतील. पाडव्याला किंवा भाऊबिजेला जिथे खरेदीला जाल, तिथे समोरच्या माणसाला सहज विचारा, ‘तुमची सुट्टी कधी?’ उत्तरात तीनपैकी कोणता शब्द येतो, तेवढे ऐका.